तुरीच्या शेंगांवरील ढेकूण (क्लॅव्हिग्रॅला): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुरीच्या शेंगांवर बसलेला हा काटेरी, मातकट ढेकूण नेमका कोणता?

बहुतेक वेळा तो क्लॅव्हिग्रॅला प्रजातीतला असतो. लांबी साधारण एक सेंटिमीटर आणि रंग राखाडी-तपकिरी. खांद्यांवर दोन्ही बाजूंना टोकदार काटे असतात. मागच्या पायांच्या मांड्या टोकाकडे जाड होत जातात आणि त्यांच्या खालच्या कडेलाही काटे असतात. सुकलेल्या फुलाजवळ किंवा देठाशी बसला की चटकन दिसत नाही. चाहूल लागली तर शेंगेच्या मागच्या बाजूला सरकतो किंवा पाय सोडून खाली पडतो. म्हणूनच बांधावरून नजर टाकून "आमच्या तुरीत ढेकूण नाहीत" असे म्हणण्यात अर्थ नाही.

भारतात याच्या किती जाती त्रास देतात?

तुरीपुरते बोलायचे तर दोन नावे महत्त्वाची आहेत: क्लॅव्हिग्रॅला गिबोसा आणि क्लॅव्हिग्रॅला स्क्युटेलॅरिस. गिबोसा भारत आणि श्रीलंकेत आढळते. स्क्युटेलॅरिसचा पसारा मोठा आहे: केनियापासून येमेन, ओमान, पाकिस्तान आणि पुढे भारतापर्यंत. दोन्ही जाती एकाच शेतात सापडू शकतात. त्या वेगळ्या ओळखण्यासाठी खांद्याच्या काट्यांची ठेवण, पाठीचा फुगवटा आणि नराच्या शेवटच्या खंडाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. शेतकऱ्याला त्याची गरज नाही. दोघांची खाण्याची रीत, नुकसान आणि बंदोबस्त सारखाच आहे.

हे "पानासारख्या पायांच्या" ढेकणांच्या कुळातले म्हणतात. मग पायावर पान कुठे आहे?

नाही, आणि या प्रजातीत ते नसतेच. कोरिडी कुळातल्या काही प्रजातींच्या मागच्या नडगीवर पानासारखा पसरट पडदा असतो. वेलवर्गीय भाज्यांवर येणारा लेप्टोग्लॉसस हे त्याचे चांगले उदाहरण. कुळाचे इंग्रजी नाव अशांवरून पडले. क्लॅव्हिग्रॅला त्याच कुळात मोडतो तो इतर खुणांमुळे: मिशांचे चार खंड, चार खंडांची सोंड, पाठीवरचा छोटा त्रिकोण आणि पुढच्या पंखाच्या पारदर्शक भागातल्या पुष्कळ शिरा.

घरातल्या ढेकणांसारखे हे माणसाला चावतात का?

नाही. हे झाडांच्या रसावर जगतात. चिमटीत पकडले तर उग्र वास सोडतात आणि तो बोटांना बराच वेळ राहतो. प्रौढात वासाच्या ग्रंथी छातीच्या खालच्या बाजूला असतात. पिल्लांमध्ये त्या पोटाच्या पाठीवर मधोमध असतात, भिंगातून दोन ठिपके दिसतात.

अंड्यापासून प्रौढापर्यंत किती दिवस लागतात?

मादी शेंगांवर आणि पानांवर अंडी पुंजक्याने घालते. एका पुंजक्यात साधारण ५ ते १५ अंडी असतात, कधी जास्तही. ताजी अंडी फिकट असतात, पुढे तांबूस-तपकिरी होतात. उबदार हवेत आठवडाभरात पिल्ले बाहेर येतात. ती पाच वेळा कात टाकतात आणि पाचव्या वेळेनंतर पंख फुटलेला प्रौढ तयार होतो. पिल्लांची अवस्था ऊब असेल तर अडीच-तीन आठवड्यांत संपते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती लांबते.

या किडीला कोषावस्था नाही. अळीवर्गीय किडींचा कोष जमिनीत जातो, तेवढा काळ पिकाला उसंत मिळते. इथे ती मिळत नाही. पिल्लू पहिल्या अवस्थेपासून तिथेच राहते आणि तिथेच खाते. प्रौढ अनेक आठवडे जगतात आणि मादी त्या काळात थोड्याथोड्या दिवसांनी अंडी घालत राहते. त्यामुळे एकाच झाडावर अंडी, लहान पिल्ले, मोठी पिल्ले आणि प्रौढ हे सगळे एका वेळी दिसतात.

शेंग बाहेरून चांगली दिसते, सोलल्यावर दाणे सुरकुतलेले आणि काळपट. असे का होते?

ढेकूण शेंग कुरतडत नाही. सोंडेतल्या केसाइतक्या बारीक सुया तो शेंगेच्या सालीतून आत घालतो आणि थेट कोवळ्या दाण्यात टोचतो. मग लाळ सोडतो. या कुळातल्या ढेकणांच्या लाळेत साखरेचे विघटन करणारे वितंचक (एन्झाइम) असते. त्याने पेशींबाहेरच्या रसात विरघळलेल्या कणांची संख्या वाढते, पेशी आपले पाणी आणि अन्नरस बाहेर सोडतात आणि ढेकूण तो रस ओढून घेतो. म्हणजे एका छिद्राचे नुकसान त्या छिद्रापुरते राहत नाही, आजूबाजूचा भागही निकामी होतो. दाण्यावर खोलगट काळा किंवा तपकिरी डाग पडतो तो इथेच.

शेंगेच्या कोणत्या अवस्थेत टोचले यावर पुढचे चित्र ठरते. दाणा नुकताच धरत असताना टोचले तर शेंग पिवळी पडून गळते किंवा चपटी राहते; अशा शेंगा लोक फूलगळीच्या खात्यात टाकतात. दाणा अर्धा भरलेला असेल तर तो तिथेच थांबतो आणि आकसतो. दाणा पूर्ण भरून अजून हिरवा असेल तर आकार राहतो, पण डाग पडतो आणि उगवण जाते. शेंग पिवळी पडून दाणा टणक झाला की ढेकणाचा फारसा इलाज चालत नाही. खरा धोका हिरवा दाणा भरण्याच्या काही आठवड्यांतच आहे. बाकी हंगामात ढेकणांमागे धावणे बहुधा वाया जाते.

हे नुकसान ढेकणाचे, शेंगमाशीचे, अळीचे की पाण्याच्या ताणाचे, हे कसे ओळखायचे?

शेंग सोलल्याशिवाय ओळखता येत नाही. सोलल्यावर हे पाहा.

घाटे अळीचे भोक गोल आणि मोठे असते. दाणा खाऊन फस्त झालेला असतो, बऱ्याचदा विष्ठाही दिसते. पिसारी पतंगाच्या अळीचे भोक त्याहून लहान असते.

शेंगमाशीत बाहेरून काहीच कळत नाही. नेमका इथेच ढेकणाशी घोटाळा होतो. पण माशीची अळी दाण्यात नागमोडी पोखरत जाते. आत पांढरी अळी किंवा तांदळाच्या दाण्यासारखा तपकिरी कोष सापडतो. माशी बाहेर पडायच्या आधी अळी सालीवर पातळ खिडकी करून ठेवते, ती शेंग उजेडासमोर धरली की दिसते.

ढेकणाच्या शेंगेत अळी नसते, कोष नसतो, विष्ठा नसते, भुगा नसतो. दाणा अख्खा असतो पण आकसलेला, डागी किंवा एका बाजूने खोलगट. सालीच्या आतल्या अंगाला बारीक काळसर ठिपके दिसले तर शंका उरत नाही.

पाण्याच्या ताणाने दाणे बारीक राहतात, पण सहसा सगळ्याच झाडांवर, शेंड्याकडच्या शेंगांत जास्त, आणि त्यावर डाग नसतात. ढेकणाच्या शेंगेत मात्र एक दाणा टपोरा आणि त्याला लागून दुसरा मेलेला, असे विसंगत चित्र असते.

हिरवे ढेकूण आणि लांबट उडणारे ढेकूणही दिसतात. तेही हेच का?

नाही. ढालीच्या आकाराचा हिरवागार ढेकूण म्हणजे नेझारा. त्याच्या मिशांना पाच खंड असतात, पाठीवरचा त्रिकोण मोठा असतो आणि अंडी पानाखाली षटकोनी फळीसारखी ओळीने मांडलेली असतात. अरुंद अंगाचा, जाड मागच्या मांड्यांचा आणि गांधीलमाशीसारखा झपकन उडणारा तो रिप्टॉर्टस. त्याची लहान पिल्ले हुबेहूब मुंगीसारखी दिसतात. "तुरीत मुंग्या फार झाल्यात" अशी तक्रार आली की आधी हे तपासावे. दोघेही शेंगेतून रस ओढतात, त्यामुळे मोजणी करताना त्यांनाही धरा.

पाहणी केव्हा आणि कशी करावी?

फुलोरा संपून पहिल्या शेंगा चपट्या दिसू लागल्या की सुरुवात करा आणि आठवड्यातून एकदा करा. जून-जुलैत पेरलेल्या मध्यम कालावधीच्या तुरीत, उदाहरणार्थ बीडीएन ७११ किंवा बीएसएमआर ७३६, हा काळ साधारण नोव्हेंबरपासून पुढे येतो. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. गारव्यात ढेकूण सुस्त असतात. दुपारी झाडाला हात लावताच उडतात.

पांढरे धोतर किंवा खताच्या गोणीची उसवलेली, आतून पांढरी बाजू झाडाखाली अंथरा. झाडाचा मधला-वरचा भाग दोन्ही हातांनी धरून चार-पाच जोरदार हिसके द्या. पडलेली पिल्ले आणि प्रौढ लगेच मोजा, कारण प्रौढ उडून जातात. कडेच्या तासांवरच थांबू नका. ढेकूण अनेकदा कडेने शिरतात, त्यामुळे फक्त कडा पाहिली तर आकडा फुगतो आणि फक्त मध्य पाहिला तर घटतो. शेतात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालत वीस झाडे घ्या.

त्याच वीस झाडांवरून प्रत्येकी ५ हिरव्या, भरत आलेल्या शेंगा तोडा, म्हणजे १०० शेंगा होतात. सावलीत बसून सोला. सरासरी ४ दाणे धरले तर ४०० दाणे. त्यांतले ४० डागी निघाले तर नुकसान १० टक्के. ही सोलणी टाळण्याकडे कल असतो, पण झाडावरच्या ढेकणांच्या मोजणीपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

झाडामागे किती ढेकूण दिसले की फवारायचे?

एकच आकडा सगळीकडे लावू नये. फुलोऱ्यात दिसलेले दोन ढेकूण आणि दाणा भरताना दिसलेले दोन ढेकूण यांचे वजन वेगळे. तीन प्रश्नांची उत्तरे मांडा: किती शेंगा अजून हिरव्या आहेत? मोजणीत पिल्ले आहेत की फक्त प्रौढ? मागच्या आठवड्यापेक्षा डागी दाणे वाढले का?

मग हिशेब करा. समजा एकरी ६ क्विंटल अपेक्षित आहे आणि फवारणीने पुढचे ५ टक्के नुकसान वाचेल असे वाटते. ते झाले ३० किलो. किलोला ७० रुपये धरले तर २,१०० रुपये. औषध आणि मजुरी मिळून याच्या बरीच खाली बसत असेल तरच फवारणीला अर्थ आहे. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: डाग पडलेला दाणा कोणत्याही फवारणीने सुधारत नाही. हिशेबात फक्त पुढे वाचणारे दाणे धरायचे. ऐंशी टक्के शेंगा पिवळ्या झाल्यावर केलेली फवारणी मनाच्या समाधानासाठी असते.

अळीसाठी दोनदा फवारले, तरी ढेकूण जसेच्या तसे. औषध बनावट होते का?

बहुधा नाही. एचएएनपीव्ही (घाटे अळीला रोग आणणारा विषाणू) आणि बीटी (अळ्या मारणारा जिवाणू) ही दोन्ही पोटात गेल्यावरच काम करतात. अळी पान किंवा साल खाते, तिच्या पोटात ती जातात. ढेकूण साल खातच नाही, सालीखालून रस ओढतो. अळ्यांसाठीच्या इमामेक्टिन बेंझोएट किंवा क्लोरँट्रानिलिप्रोलकडूनही ढेकणांच्या बंदोबस्ताची अपेक्षा ठेवू नये. कामगंध सापळ्यांचेही तेच. घाटे अळीचा सापळा त्या पतंगाच्या नरालाच बोलावतो.

"आंतरप्रवाही औषध मारले की रसातून पोटात जाईल" हा तर्कही शेंगेच्या बाबतीत कच्चा आहे. अशी औषधे मुख्यतः पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानांकडे जातात. भरणाऱ्या दाण्यात त्यांचे प्रमाण फारसे होत नाही. ढेकूण मरायचा तर फवारा त्याच्या अंगावर किंवा तो चालतो त्या शेंगेवर पोचला पाहिजे.

मग फवारणी कशी करावी?

औषधाच्या लेबलवर तूर हे पीक आणि रस शोषणारी किंवा शेंगेवरील कीड दोन्ही छापलेली असतील तेच घ्या; मात्रा आणि काढणीपूर्व थांबण्याचे दिवस लेबलप्रमाणेच पाळा. पाणी कमी करू नका. वाढलेल्या तुरीला हातपंपाने एकरी २०० लिटरच्या आसपास पाणी लागते. ८० लिटरमध्ये एकर उरकला की शेंड्यावरची पाने भिजतात आणि मधल्या शेंगा कोरड्या राहतात. बारीक थेंबांचा पोकळ शंकू नोझल वापरा. आधी झाडाच्या मध्यावर बाजूने, मग वरून फवारा.

वेळ दुपारी चारनंतरची. तुरीच्या फुलांवर मधमाश्या दिवसभर असतात. सकाळी फवारले तर त्याच मरतात.

डोक्याच्या वर गेलेल्या पिकात फवारा स्वतःच्या अंगावर उडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्यात पिकाची उंची हेही एक कारण सांगितले गेले. तूर त्याहूनही उंच होते. वाऱ्याच्या उलट चालू नका. पूर्ण बाह्या, मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेतच. दोन-तीन औषधांचे घरगुती मिश्रण करू नका. तास एकमेकांत गुंतले असतील तर आत शिरण्याऐवजी दोन तासांआड वाट मोकळी करून घ्या.

निंबोळी अर्काने काम होते का?

लहान पिल्लांवर काही प्रमाणात होते. प्रौढ त्याने मरतील अशी अपेक्षा ठेवू नका; त्यांचे खाणे आणि अंडी घालणे कमी होते, इतकेच. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून पिळून गाळा. २०० ग्रॅम साबण चुरा १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी वापरा. फसते ते तीन ठिकाणी: बुरशी धरलेल्या जुन्या निंबोळ्या, न गाळल्यामुळे तुंबलेले नोझल आणि भर उन्हातली फवारणी. उन्हाने अर्काचा गुण लवकर उतरतो.

अंड्यांवर काळपट रंग येतो. हे चांगले की वाईट?

बहुधा चांगले. ग्रायॉन क्लॅव्हिग्रॅली नावाची जेमतेम एक मिलिमीटरची गांधीलमाशी ढेकणाच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतून ढेकणाचे पिल्लू निघत नाही, माशी निघते. खात्री करायची असेल तर अंड्यांचे पाच-सहा पुंजके शेंगेच्या तुकड्यासह काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा आणि सावलीत ठेवा. पिल्ले निघायची तर आठवड्यात निघतात. ती निघाली नाहीत तर बाटली आणखी दोन आठवडे तशीच ठेवा आणि मलमलीच्या आतल्या बाजूला काळे, उडणारे ठिपके दिसतात का पाहा. निम्म्याहून जास्त अंड्यांतून माश्या निघाल्या तर फवारणी पुढे ढकलण्याचा विचार जरूर करावा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे या माशीला फार घातक आहेत. ती वापरल्यावर ढेकूण दोन आठवड्यांत परत दिसतात आणि माश्या मात्र दिसत नाहीत.

परसातला वाल किंवा बांधावरची दहा-वीस झाडे असतील तर?

तिथे औषध मारूच नये. सकाळी घमेल्यात दोन-तीन लिटर पाणी आणि लिटरला एक चमचा कपडे धुण्याची पावडर घ्या. घमेले फांदीखाली धरून झटका द्या. साबणामुळे ढेकणाला पाण्यावर तरंगता येत नाही, तो बुडतो. अंड्यांचे पुंजके मात्र काळे आहेत का हे पाहून मगच चुरडा. तीन-चार दिवसांआड दोन आठवडे केले की वालपापडीच्या शेंगा सुधारतात. कोकणात भात कापल्यावर ओलीवर घेतलेल्या वालातही हेच ढेकूण येतात; तिथे झाडे बुटकी असल्याने हाताने वेचणे आणखी सोपे.

तूर निघाल्यावर हे जातात कुठे?

वाल, पावटा, चवळी अशा शेंगवर्गीय पिकांवर आणि रानटी वेलींवर. शेतात सर्वांत मोठी सोय आपणच करतो ती खोडव्याची. ओलिताखाली तुरीचा खोडवा राखला की उन्हाळ्याच्या तोंडाशीही हिरव्या शेंगा मिळतात आणि ढेकणांची पिढी पुढे चालू राहते. तसेच एका शिवारात लवकर आणि उशिरा येणारे वाण शेजारी शेजारी असले की लवकर येणाऱ्यात वाढलेली संख्या नंतरच्यात उतरते. नुकसान नेहमी उशिराच्या शेतात जास्त दिसते. पूर्ण प्रतिकारक असा तुरीचा वाण आज बाजारात नाही.

डागी दाणे खाता येतात का? बियाणे म्हणून चालतील का?

विषारी नसतात, पण चव उतरते आणि गिरणीत डाळ नीट फुटत नाही. आकसलेल्या दाण्याचे साल सुटत नाही, चुरी वाढते. खरेदी केंद्रावर आर्द्रतेची मर्यादा १२ टक्के असते आणि आकसलेल्या-डागी दाण्यांचीही मर्यादा असते. त्यामुळे उफणणी आणि चाळणी आधीच करून न्या.

बियाण्यासाठी मात्र नाही. प्रमाणित तूर बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते. घरचे बी ठेवायचे तर १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीत मांडा, गुंडाळा, ओल टिकवा आणि सहाव्या दिवशी मोजा. दाणे वेचून घेऊ नका, पोत्याच्या वर, मध्ये आणि तळातून मूठमूठ घ्या. नाहीतर हात नकळत टपोरेच उचलतो.

आफ्रिकेतही हीच कीड आहे म्हणतात. जाती कोणत्या?

तिथे ती तुरीपेक्षा चवळीची मोठी शत्रू आहे. सहाराच्या दक्षिणेला क्लॅव्हिग्रॅला टोमेंटोसिकॉलिस सगळ्यांत कुप्रसिद्ध. अंगावर केस असलेला, जाडसर ढेकूण. पश्चिम आफ्रिकेत त्याच्या जोडीला क्लॅव्हिग्रॅला शादाबी, तर पूर्वेकडे क्लॅव्हिग्रॅला इलाँगाटा असतो. नायजेरियात चवळीच्या फवारणीचा मोठा भाग शेंग भरण्याच्या काळात असतो तो या ढेकणांमुळेही. अंड्यांवरची गांधीलमाशी तिथेही ग्रायॉनच, जात वेगळी: ग्रायॉन फुल्विव्हेंट्रिस.

जुन्या पुस्तकांत अकँथोमिया असे नाव दिसते. ते काय?

तेच कीटक. क्लॅव्हिग्रॅला ही प्रजाती मासिमिलियानो स्पिनोला यांनी १८३७ मध्ये मांडली, गिबोसा जातही त्यांचीच. आफ्रिकेतल्या जाती बराच काळ अकँथोमिया या नावाखाली होत्या. डब्ल्यू. आर. डॉलिंग यांनी १९७८ मध्ये आशियातल्या आणि १९७९ मध्ये आफ्रिकेतल्या शेंग-ढेकणांची फेरमांडणी केली, तेव्हापासून आजची नावे रूढ आहेत. त्याआधीचे लिखाण वाचताना जातीच्या नावावर डोळे झाकून विसंबू नये.

जात पक्की करण्यासाठी नमुना कसा पाठवावा?

प्रौढ हवेत, निदान पाच-सहा, त्यात नर असतील असे पाहा. जोडीत सापडलेले उत्तम. ते कागदाच्या त्रिकोणी पुडीत कोरडे ठेवा आणि पुडी खोक्यात कापसात ठेवा, म्हणजे मिशा आणि काटे मोडत नाहीत. पिल्ले ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. कोरडी ठेवली तर आकसतात. पुडीवर आणि अल्कोहोलमध्ये टाकायच्या चिठ्ठीवर तारीख, गाव, पीक, वाण आणि पीक कोणत्या अवस्थेत होते हे पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलने पुसली जाते. नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्यावा. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून पाठवलेले ढेकूण दोन दिवसांत कुजतात आणि त्यांच्यावरून काहीच सांगता येत नाही.